सुपारीच्या छातीचा घेर

४ मार्च, मंगळवार

हे रजिस्टर बालकांच्या वजन-उंचीचं. सगळं मोबाइलवर गेलं आणि हे कोरंच राहिलं, म्हणून निवृत्त होताना घरी घेऊन आले. रकाने छापलेलेच आहेत: नाव, वय, वजन, उंची, दंडाचा घेर, रंग. मेडशीच्या अंगणवाडीत एकोणतीस वर्षं मी हेच रकाने भरले. आता त्यांच्यावरून खुशाल आडवं लिहिते आहे आणि तपासायला कोणी येणार नाही याची मजा वाटते आहे.

लिहायला बसले कारण आज डोकं फिरलं. आमच्या बचत गटातल्या एक्केचाळीस बायकांचं सोयाबीनचं बियाणं जुन्या गोदामात ठेवलेलं आहे. किल्ली माझ्याकडे. दिवाळीपासून डोळ्यात तेल घालून राखलं, पोतं आपटू दिलं नाही, कारण सोयाबीनचं बी इतकं नाजूक की पोतं जोरात टाकलं तरी उगवण जाते. आणि आज खालच्या थरातली दोन पोती फाडलेली. उंदीर नाही, घूस. फरशीखाली दीड फुटाची पोकळी आहे, ओल लागू नये म्हणून बांधतानाच ठेवलेली. त्या पोकळीत बिळं करून ती फरशीच्या फटीतून वर येते.

हिरीबाई आमच्या अध्यक्षा. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पंचफुलाबाई, जूनमंदी बी नाई उगवलं तं बाया पुन्हा आपल्या गटाचं नावबी नाई घेनार." खरं आहे. नवऱ्यांना न विचारता बायकांनी पहिल्यांदा काही ठेवलं आहे, तेही माझ्या भरवशावर.

औषध टाकायचं नाही, बियाण्याशेजारी विष नको. पिंजऱ्याकडे ती घूस बघतही नाही. मांजर आणलं तर ते घूस पाहून सगळ्यात वरच्या पोत्यावर जाऊन बसलं आणि संध्याकाळी आम्हालाच उतरवावं लागलं.

९ मार्च, रविवार

तांड्यावर बाबूसिंगकडे गेले. त्याच्याकडे घुशी मारणारी कुत्री असतात असं ऐकलं होतं. मी वाघासारखं काहीतरी बघायला गेले होते. त्याने खाटेखालून जे काढलं ते माझ्या पिशवीत मावलं असतं. सुपारीच्या रंगाची, राठ केसांची, दीड वर्षाची कुत्री. नावही सुपारीच.

"एवढुशी काय करीन?" मी म्हटलं.

"बाई, तुमाले राखन पाह्यजे का शिकार? राखनीले मोठं कुत्रं घ्या, दारात बांधा. घूस बिळात राह्यते. जे बिळात जाईन तेच कुत्रं कामाचं." मग त्याने दोन्ही हातांनी तिची छाती पुढच्या पायांच्या मागून धरली. अंगठे वर मिळाले, बोटं खाली मिळाली. "हे पाहा. डोकं नका पाहू, डोकं कुठंबी शिरते. छाती पाहा. छाती दोन हातात मावली तं कुत्रं बिळातून वापस येते. नाई मावली तं जाते, पन येत नाई."

पाय मात्र फार आखूड नकोत, म्हणाला, नाहीतर पळताना दमतं. पाठ लवचीक हवी, बिळात वळता आलं पाहिजे. केस राठ हवेत, माती चिकटत नाही. मी सगळं ऐकलं, पण माझं लक्ष तिच्या बरगड्यांकडे होतं. एक, दोन, तीन, चार. चारही मोजता आल्या. अंगणवाडीत असं मूल आलं असतं तर पहिल्या दिवशीच पिवळ्या रंगात, म्हणजे कमी वजनाच्या मुलांत, टाकलं असतं.

"सकाळी अर्धी भाकर, सांजीले अर्धी," त्याने बजावलं. "जीव लावा, पन तूप नका लावू."

घरी येताच जुना टांगता काटा काढला. झोळीत बसवली तर शहाण्या बाळासारखी बसली. वजन पाच किलो आठशे. छाती पस्तीस सेंटिमीटर. रंगाचा रकाना रिकामा ठेवला.

१२ मार्च, बुधवार

सुपारीने आज पहिली घूस काढली! गोदामाच्या मागच्या झरोक्यातून आत गेली, फरशीखाली एकच दणका, किंचाळणं, आणि मग मागे सरकत सरकत बाहेर आली. तोंडात घूस, माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढी. नाकाला चावा बसला होता, हळद लावली. परवा "हे काय खेळनं आनलं" म्हणून नाक मुरडणाऱ्या हिरीबाई स्वतः घरून दूध घेऊन आल्या.

पल्लवीही बघायला आली होती. माझी धाकटी, तेवीस वर्षांची. गेल्या वर्षी पोलीस भरतीत धावण्यात पहिल्या दहात होती, पण उंचीत गेली. एकशे पंचावन्न हवी, ती एकशे बावन्न. तेव्हापासून तिचे बूट खुंटीला टांगलेले आणि तोंडही तसंच. आज ती कितीतरी दिवसांनी हसली. सुपारीला उचलून म्हणाली, "माय, हिले कोनी उंची नाई इचारत ना?"

मी सुपारीच्या नाकाला पुन्हा हळद लावली.

२३ मार्च, रविवार

पाच घुशी झाल्या. पण वजन पाच किलो सातशे! शंभर ग्रॅमनं घटलं. खरं लिहायचं तर बाबूसिंगची अर्धी भाकर मी दुसऱ्याच दिवशी मोडली. सकाळी भाकर-दूध, दुपारी शेंगदाणे-गूळ, संध्याकाळी उकडलेलं अंडं. गावातली किती मुलं या खाण्यावर वर आणली. हीच एवढी का दगा देते? पोटात जंत असणार. गुरांच्या डॉक्टरांकडून औषध आणून दिलं.

दुसरी एक काळजी. पल्लवी पहाटे पाचला उठते आणि बाहेर जाते. विचारलं तर म्हणाली, "मैत्रिनीकडं, अभ्यासाले." अभ्यासाला जाणारी मुलगी घामाघूम होऊन येते का? आज तिच्या पायजम्याला कुसळं दिसली, आणि बुटांना चिखल. तलावाकडेच काय तो चिखल असतो या दिवसांत. सुपारीच्या कानात पण कुसळं होती, तीही काढली. ही कुत्री दाव्याला बांधलेली असूनही कुठे कुठे तोंड घालते कोण जाणे.

पल्लवीचं कुणाशी काही असेल तर असू दे. मुलगा चांगला असावा एवढंच. पण माझ्यापासून लपवते याचं वाईट वाटतं.

५ एप्रिल, शनिवार

भांडण झालं. सुपारीला मी अंडं देत होते तर पल्लवीने माझा हातच धरला. "माय, तिले जास्त नको घालू. काम करते ती."

"काम करते म्हून तं घालून राह्यली. आन तू तुह्या खान्याचं पाह्य. वाळली कशी!"

"मी वाळली नाई. मी अशीच हावो." आणि ताट सरकवून उठली.

तिला काय सांगू? या रजिस्टरला सांगते. पल्लवी दोन वर्षांची होती तेव्हा पिवळ्या रंगात होती. अंगणवाडीच्या बाईची मुलगी! मी सकाळी निघायची, गावातली चाळीस मुलं तोलायची, त्यांना खिचडी भरवायची, त्यांच्या आयांना समजावायची की दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्या. आणि माझी पोर घरी आजीच्या मांडीवर चहात पोळी बुडवून खायची. महिन्याच्या शेवटी मी तिला सगळ्यात शेवटी तोलायची, बाकीच्या बाया गेल्यावर. पिवळा रंग भरला की पान लगेच उलटायची. ते तीन सेंटिमीटर कुठे गेले हे भरतीवाल्यांना माहीत नाही, मला माहीत आहे.

म्हणून समोर बरगड्या दिसल्या की माझ्याने राहवत नाही. कुत्री असली म्हणून काय झालं?

२२ एप्रिल, मंगळवार

पल्लवी आज वाशीमला गेली, मैत्रिणीच्या खोलीवर, तीन आठवड्यांसाठी. "एक फॉर्म भरला हाये. होऊ दे, मंग सांगीन," एवढंच बोलली. एसटीत चढताना सुपारीला मिठी मारली, मला नाही. घरी येऊन पाहते तर खुंटीवरचे बूट गेलेले. बूट घालून मुलगी कोणाला भेटायला जाते?

घर अगदी सुनं झालं. हे होते तेव्हा निदान रेडिओ लावायचे.

१ मे, गुरुवार

आनंदाची बातमी. सुपारी सहा किलो चारशे! छाती अडतीस. जंताचं औषध उशिरा का होईना लागू पडलं. इतके दिवस काही केल्या अंगाला लागत नव्हतं आणि पल्लवी गेल्यापासून नुसती भरत चालली आहे. कदाचित पल्लवीचा तिला त्रास होत असेल, सारखी उचलायची. बरगडी आता एकच दिसते. रंगाच्या रकान्यात आज मी मोठ्या हौसेने हिरवा लिहिला.

गोदामात पंधरा दिवसांत एकही पोतं फाटलं नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते, पंच्याऐंशी उगवले. हिरीबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

९ मे, शुक्रवार

बाबूसिंग रस्त्याने येताना दिसला आणि मी सुपारीला मागच्या न्हाणीत कोंडलं. का ते मलाही सांगता येत नाही. पर्यवेक्षिका तपासणीला आल्यावर व्हायचा तसा जीव खालीवर झाला. त्याने विचारलं, "कुठी हाये आमची पोट्टी?" मी म्हटलं, गोदामात कामावर. चहा पिऊन गेला बिचारा.

मग दार उघडलं आणि तिला दोन हातांत धरून पाहिलं. अंगठे मिळाले. खाली बोटं मिळाली नाहीत, मध्ये दोन बोटांची जागा राहिली. माझे हात लहान आहेत. बाबूसिंगचे मोठे आहेत, त्याच्या हातात मावलीच असती.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात वंदना झाली, मग खीर. हाडं दिसेपर्यंत उपाशी राहिलेल्या सिद्धार्थाला सुजाताने खीर दिली ही गोष्ट मी दर वर्षी अंगणवाडीतल्या मुलांना सांगायची. आज सांगायला कोणी नव्हतं, म्हणून सुपारीला सांगितली आणि वाटीभर खीर घातली. शेजारच्या दोन घरांनीही घातली. पोट तट्ट फुगवून दारात पडली होती. बघून समाधान वाटलं.

१३ मे, मंगळवार

आज झालं ते सगळं लिहिते.

सकाळी गोदामाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात पोतं फाटलेलं निघालं. नवीन घूस. सुपारीला झरोक्याशी नेलं. ती थांबली. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती कधी थांबली नव्हती. मी म्हटलं, "जा." ती गेली.

पोकळीतून पार पलीकडे, भिंतीच्या पायाखालच्या बिळात शिरल्याचा आवाज आला. भुंकली. मग आवाज दबला, जणू उशीखालून येतो आहे. मग काहीच नाही. हिरीबाईंनी फरशीला कान लावला. "कण्हून राह्यली व बाई," म्हणाल्या.

झरोका वीतभर आणि वर चार बोटं. आमच्यातली एकही बाई त्यात मावणारी नाही. फरशी उखडायची तर त्यावर तीनशे पोती. तरी बायांनी हातोहात पोती उचलायला सुरुवात केली, एकही न आपटता. निरोप मिळताच बाबूसिंग धावत आला. त्याने माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "बाई, किती किलोची झाली?"

"सात किलो शंभर," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा वजन सांगताना मला लाज वाटली.

त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "घूस नाई मारत तिले. छाती अडकली का श्वास घ्याले जागा नाई राह्यत. जेवढी धडपड करीन तेवढी फुगीन."

मी पल्लवीला फोन केला. का तिलाच, माहीत नाही. रडत काय बोलले तेही आठवत नाही. दीड तासाने ती एसटीतून उतरली आणि पळतच आली. पायात बूट, आणि बनियनवर छातीशी चार टाचण्यांनी लावलेला कागद, त्यावर मोठा आकडा. मी त्या आकड्याकडे पाहत राहिले. तिने तो फाडून माझ्या हातात दिला. "माय, झोळी आन. काट्याची. आन खुरपं."

जमिनीवर आडवी झाली, श्वास सोडला, एक खांदा घातला, मग दुसरा. मला वाटलं कंबर अडकते. नाही अडकली. माझी पोर त्या भोकातून आत गेली आणि बाहेर फक्त झोळीची दोरी उरली.

बराच वेळ खुरप्याचा आवाज. मग आतून, "मागचे पाय दिसून राह्यले. हालत नाई." हिरीबाईंनी माझा दंड घट्ट धरला. झोळी हलली की आम्ही ओढायचो, माती निघायची, रिकामी झोळी पल्लवी आत ओढून घ्यायची. अकरा खेपा मी मोजल्या. मोजल्याशिवाय मला दुसरं काय येतं?

बाराव्या खेपेला झोळी जड लागली. ओढली तर त्यात सुपारी. डोळे मिटलेले, नाकातोंडात माती. बाबूसिंगने तिला उलटी धरली, बोटाने तोंड साफ केलं, पाठ चोळली. मग ती शिंकली. एवढीशी शिंक, पण हिरीबाई मोठ्याने रडायला लागल्या, आणि मीही.

पल्लवी बाहेर आली तेव्हा केसांपासून नखांपर्यंत मातीची होती. पहिलं वाक्य हे, "माय, काय खाऊ घातलं तू तिले?"

१४ मे, बुधवार

सुपारी उठली. पाणी प्यायली. मी खायला काही दिलं नाही. हात दोनदा डब्याकडे गेला, दोनदा मागे घेतला.

दुपारी पल्लवी आपणहून माझ्याजवळ बसली. रोज पहाटे पाचला ती सुपारीला घेऊन तलावापर्यंत पळायची, तीन किलोमीटर जायला, तीन यायला. "तू घालत होती, मी जिरवत होती," म्हणाली. ती अभ्यासाची मैत्रीण, तो चिखल, ती कुसळं! आणि मी बाई मनातल्या मनात जावयाचं तोंडही पाहून ठेवलं होतं. तिला सांगितलं तर पोट धरून हसली.

फॉर्म वनरक्षकाचा होता. तिथे मुलींना दीडशे चालते. काल सकाळी धावण्याची चाचणी होती, ती धावून झाली आणि माझा फोन गेला. "आदी काहून नाई सांगितलं?" मी विचारलं.

"मांगच्या वेळी उंचीत गेली तं तू आठ दिवस जेवली नाई. मापाचं नाव काढलं का तुहं तोंड उतरते. मले वाटे मीच काई चुकली."

मग मी तिला सांगितलं. पिवळा रंग, शेवटी तोलणं, चहातली पोळी, सगळं. खूप वर्षांनी तिच्यासमोर रडले. ती म्हणाली, "माय, काल त्या झरोक्यात मी अजून तीन सेंटिमीटर मोठी असती तं?"

उंचीचा आणि झरोक्याचा तसा संबंध नाही हे मला कळतं. तरी तिने ते माझ्यासाठी म्हटलं, आणि मी ते घेतलं.

बाबूसिंगला काही न लपवता सांगितलं, न्हाणीत कोंडल्याचंही. त्याने कान धरायला लावले नाहीत. फक्त तळहात भाकरीसारखा पुढे धरला आणि बोटाने तो मधोमध कापण्याची खूण केली.

८ जून, रविवार

बियाणं वाटलं. शंभरातले ब्याऐंशी दाणे उगवले. एक्केचाळीस बाया आपापली पोती बघून घेऊन गेल्या. हिरीबाई जाताना म्हणाल्या, "फुडल्या वर्सी साठ बाया होतीन. कुत्रीले पगार ठरवा." घूस आहेच, पण धाकात आहे. सुपारी कालपासून पुन्हा आत जाते, आणि आता जाताना थांबत नाही.

सकाळी मोजणी केली. पाच किलो नऊशे. छाती पस्तीस. माझ्या दोन हातांत धरली, अंगठे मिळाले, बोटंही मिळाली. तीन बरगड्या दिसतात. मी त्यांच्याकडे बघायचं शिकते आहे.

मग पल्लवी बूट घालत होती तिला दाराच्या चौकटीशी उभी केली. निकाल अजून लागायचा आहे, लागेल तेव्हा लागेल. ती कुरकुरली, पण टाचा टेकवून, मान सरळ करून उभी राहिली, दोन वर्षांची असताना राहायची तशीच. रकान्यात लिहिलं: पल्लवी, वय तेवीस, उंची एकशे बावन्न. रंगाच्या रकान्यात तेवीस वर्षांच्या मुलीला काय लिहायचं याचा काही नियम नाही. मी हिरवा लिहिला.

"झालं काय माय?" ती म्हणाली. "सुपारी वाट पाहून राह्यली."

मी दार उघडलं आणि दोघी पळाल्या.